अणू-व्यतिकरणमापी नेमके काय मोजतो: गुरुत्व की काळ?

कालमापक

शीत अणूंच्या प्रयोगांविषयी येणाऱ्या बातम्यांमध्ये एक वाक्य आता हमखास असते: एकच अणू एकाच वेळी दोन उंचींवर ठेवून शास्त्रज्ञांनी तेथील काळाचा वेग पडताळला. माझी सगळी नोकरी भोसरीतील एका कारखान्यात मोजमापाची उपकरणे तपासण्यात गेली, त्यामुळे कोणतेही उपकरण समोर आले की त्याचा काटा नेमका कशामुळे हलतो, हा प्रश्न मला आधी पडतो. या उपकरणाच्या बाबतीत त्याचे सरळ उत्तर मला कुठेच मिळालेले नाही.

मूळ कल्पना ठाऊक आहे. प्रत्येक कणाला तरंगलांबी असते, हे द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडले. हे तरंग दुभंगून दोन वाटांनी नेले आणि पुन्हा जुळवले, तर दोन वाटांमधले कलांतर, म्हणजे एक तरंग दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे ते, व्यतिकरणाच्या पट्ट्यांतून वाचता येते. कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी १९७५ मध्ये न्यूट्रॉनांच्या साहाय्याने असे गुरुत्वजन्य कलांतर प्रत्यक्ष दाखवले. इथपर्यंत सगळे ठीक आहे.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. हे कलांतर अणू खाली पडला म्हणून येते, की वरच्या आणि खालच्या वाटेवर काळच वेगवेगळ्या गतीने गेला म्हणून येते? की या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत आणि माझा प्रश्नच निरर्थक आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे. गणित आले तरी चालेल, मात्र ते शब्दांत असावे.

नळस्टॉप

वाचनखूण साठवली आहे. सिग्नलवरच्या उलट्या मोजणीतले शेवटचे पाच सेकंद इतर सेकंदांपेक्षा लांब असतात, एवढे मी कोणत्याही लेसरविना सांगू शकतो. बाकीचे जाणकार सांगतीलच.

शीतमेघ

मी याच विषयात संशोधन करते, म्हणून आधी उपकरण कसे चालते ते लिहिते. बऱ्याच शंका तिथेच मिटतात.

निर्वात कोठीत रुबिडियमची अगदी विरळ वाफ असते. सहा दिशांनी येणारे लेसर आणि चुंबकीय क्षेत्र मिळून त्यातले काही कोटी अणू मधोमध धरून ठेवतात, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन-तीन मिलिमीटरचा एक उजळ ठिपका दिसू लागतो. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर काही मायक्रोकेल्विन इतकेच असते. मग धरून ठेवणारे लेसर बंद करतात आणि ठिपका पडू लागतो. तो पडत असताना उभ्या लेसरचे तीन स्पंद दिले जातात. पहिला स्पंद प्रत्येक अणूला दोन अवस्थांच्या अध्यारोपणात टाकतो, म्हणजे अणू एकाच वेळी दोन्ही अवस्थांत असतो. त्यांतल्या एका अवस्थेला सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटरचा धक्का बसतो, त्यामुळे दोन वाटा वेगळ्या होतात. दुसरा स्पंद त्यांची अदलाबदल करतो आणि तिसरा त्यांना पुन्हा एकत्र आणतो. शेवटी दोन्ही अवस्थांत किती अणू उरले ते त्यांच्या चमकण्यावरून मोजायचे. स्पंदांमधले अंतर एक दशांश सेकंद धरले, तर वाटा जास्तीत जास्त सव्वा मिलिमीटरने दूर जातात.

येणारे कलांतर म्हणजे लेसरचा परिणामी तरंगांक, गुणिले गुरुत्वीय त्वरण, गुणिले दोन स्पंदांमधील काळाचा वर्ग. लेसर ७८० नॅनोमीटरचा असला तर एक दशांश सेकंदाच्या अंतराला हे कलांतर सुमारे १६ लाख रेडियन भरते. त्यातला रेडियनचा शंभरावा भाग वाचता आला, तरी एका मोजणीत गुरुत्वीय त्वरण सोळा कोटींत एक भाग इतक्या बारकाईने कळते. कॅसेविच आणि चू यांनी १९९१ मध्ये ही पद्धत दाखवली. पीटर्स, चुंग आणि चू यांनी १९९९ मध्ये ती अब्जात तीन भागांपर्यंत नेली.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नासाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वरच्या सूत्रात अणूचे वस्तुमान नाही आणि प्लँकचा स्थिरांकही नाही.

शंकेखोर

शीतमेघ यांचे शेवटचे वाक्य हेच या धाग्याचे उत्तर आहे, असे माझे मत आहे. सूत्रात वस्तुमान नाही आणि प्लँकही नाही. याचा अर्थ असा, की अणू ही केवळ पडणारी वस्तू आहे आणि लेसरचे तरंगफण ही तिच्या शेजारी उभी धरलेली मोजपट्टी आहे. तीन क्षणी वस्तू पट्टीवर कुठे होती ते वाचले की त्वरण मिळते. यात पुंजभौतिकीचा वाटा पट्टी अतिशय बारीक करण्यापुरता आहे. काळाचा वेग वगैरे बातमीदारांची फोडणी आहे.

पुरावा हवा असेल तर १९९९ च्या त्याच प्रयोगात आहे. त्यांनी मिळालेला आकडा निर्वातात काचेचा परावर्तक पाडणाऱ्या नेहमीच्या गुरुत्वमापकाशी ताडून पाहिला, आणि दोन्ही उत्तरे अब्जात सात भागांच्या मर्यादेत जुळली. काचेचा तुकडा एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, असे कुणी म्हणत नाही.

मृगनक्षत्र

इतक्या लवकर निकाल देऊ नका. नेमक्या याच मुद्द्यावर २०१० मध्ये 'नेचर' नियतकालिकात मोठा वाद झडला होता, आणि दोन्ही बाजूंना तोलामोलाची माणसे होती.

म्यूलर, पीटर्स आणि चू यांनी असे मांडले, की अणूकडे त्याच्या वस्तुमानामुळेच एक अंगभूत वारंवारता असते. वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग, भागिले प्लँकचा स्थिरांक, असा तिचा हिशेब. सीझियमसाठी ती सेकंदाला तीनावर पंचवीस शून्ये इतकी भरते. मग दोन वाटांवरचा अणू म्हणजे दोन उंचींवर ठेवलेली ही प्रचंड वेगाने चालणारी घड्याळे झाली, आणि जुन्या मोजण्यांतून गुरुत्वीय ताम्रसृती, म्हणजे उंचीनुसार काळाच्या गतीत पडणारा फरक, अब्जात सात भागांपर्यंत पडताळली गेली, असा त्यांचा दावा होता. १९७६ मध्ये सुमारे दहा हजार किलोमीटर उंचीवर रॉकेटने नेलेल्या हायड्रोजन मेसर घड्याळाने हीच गोष्ट लाखात सात भागांपर्यंत पडताळली होती. म्हणजे एका झटक्यात दहा हजार पटींची सुधारणा!

वुल्फ, ब्लांशे, बोर्दे, रेनो, सालोमाँ आणि कोएन-तानुजी यांनी त्यावर आक्षेप घेतला. मुक्तपतनात असलेल्या दोन्ही वाटांवर उंचीमुळे पडणारा काळाचा फरक आणि वेगामुळे पडणारा काळाचा फरक एकमेकांना तंतोतंत खोडतात, आणि उरणारे सगळे कलांतर लेसरशी झालेल्या तीन भेटींतून येते. थोडक्यात, शंकेखोर म्हणतात तेच. प्रतिपक्षाचे म्हणणे असे होते, की हे खोडणे सापेक्षता सिद्धांत खरा धरला तरच होते, आणि तपासणी तर त्याचीच चालली आहे.

अवांतर: १९९७ चे नोबेल पारितोषिक अणूंच्या लेसर-शीतनासाठी चू, कोएन-तानुजी आणि फिलिप्स या तिघांना विभागून मिळाले होते. त्यांतले दोघे या वादात समोरासमोर होते, आणि त्या वेळी चू अमेरिकेचे ऊर्जामंत्री होते. मंत्रिपद सांभाळून सीझियमच्या स्वकालावर वाद घालणारा मंत्री आपल्याकडे कधी होईल, याची वाट पाहावी लागेल.

नळस्टॉप

आपल्याकडे मंत्री काळावर वाद घालतात, पण तो आचारसंहिता लागण्याच्या काळावर.

सिंहगडी

शंकेखोर आणि मृगनक्षत्र यांच्या वादात दोन राशी एकमेकींत मिसळल्या जात आहेत, असे मला वाटते. एक राशी म्हणजे गुरुत्वीय त्वरण, आणि दुसरी म्हणजे गुरुत्वीय विभव, म्हणजे त्या उंचीवर दर किलो वस्तुमानामागे असलेली गुरुत्वीय ऊर्जा. पडण्याचा वेग पहिलीवर ठरतो, काळाची गती दुसरीवर. या दोन राशी किती वेगळ्या आहेत हे पाहायचे असेल, तर दोन प्रकारची घड्याळे सिंहगडावर नेण्याचा हिशेब करावा.

पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आणि गडाची सुमारे १३०० मीटर, म्हणजे फरक साधारण साडेसातशे मीटरचा. लोलकाचे घड्याळ वर नेले तर ते मागे पडेल. मुक्त हवेत दर मीटरला गुरुत्वीय त्वरण ०.३०८६ मिलिगॅलने घटते (एक मिलिगॅल म्हणजे गुरुत्वीय त्वरणाचा सुमारे दहा लाखावा भाग). डोंगराचे स्वतःचे वस्तुमान खालून ओढत असल्याने ही घट काही अंशी भरून निघते, तरीही तापमानाचा परिणाम वगळता लोलक दिवसाला सात ते दहा सेकंद मागे राहील. अणुघड्याळ मात्र त्याच गडावर पुढे जाईल. दर मीटर उंचीला काळाची गती १.०९ गुणिले १० चा उणे १६ वा घात इतक्या प्रमाणात वाढते, त्यामुळे साडेसातशे मीटरला दिवसाकाठी सुमारे सात नॅनोसेकंद जमा होतील.

एक घड्याळ मागे, दुसरे पुढे, आणि कारण दोन्हींकडे गुरुत्वच. लोलक हा त्वरणमापक आहे आणि अणुघड्याळ हा विभवमापक. त्यामुळे धागाकर्त्यांचा प्रश्न निरर्थक तर नाहीच, उलट तो असा विचारायला हवा: अणू-व्यतिकरणमापी लोलकाच्या पंगतीत बसतो की अणुघड्याळाच्या?

अशी मोजणी प्रत्यक्षात झालेली आहे. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तोक्योच्या स्कायट्री मनोऱ्यावर ४५० मीटर उंचीवर एक आणि पायथ्याशी एक अशी स्ट्रॉन्शियमची घड्याळे ठेवून फरक नोंदवला. अमेरिकेतील जिला या संस्थेत २०२२ मध्ये अणूंच्या एकाच पुंजक्यात, एका मिलिमीटरच्या अंतरात, ही ताम्रसृती दिसली.

ज्येष्ठ लोलक

सिंहगडी यांनी माझ्या नावाची बूज राखली. लोलक आणि गुरुत्व यांचा संबंध फार जुना आहे. झाँ रिशे १६७२ मध्ये पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेले, तेव्हा त्यांचे बरोबर लावलेले घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी पूर्ण गोल नाही, हे समजण्यास त्या नोंदीची मोठी मदत झाली. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाने एकोणिसाव्या शतकात ठिकठिकाणी लोलक नेऊन गुरुत्वमोजणी केली. हे काम करणारे कॅप्टन बसेवी १८७१ मध्ये लडाखच्या उंचीवर मोजणी करत असतानाच वारले. हिमालय जेवढा दिसतो तेवढा ओढत का नाही, हे कोडे त्या काळी सर्वेक्षकांना छळत होते.

आता तेच काम पडणाऱ्या अणूंकडे आले आहे. माझा एक भाबडा प्रश्न: हे उपकरण प्रयोगशाळेबाहेर चालते का? लोलक निदान खेचरावर लादता येत होता.

भूकंपनोंद

ज्येष्ठ लोलक, चालते. फ्रेंच गटांनी असे गुरुत्वमापक जहाजावर आणि विमानातही चालवून दाखवले आहेत. मात्र खरी अडचण अणूंची नसून आरशाची असते. लेसरची मोजपट्टी एका आरशाला टांगलेली असते. आरसा हादरला तर उपकरणाला वाटते की गुरुत्वच बदलले, आणि समतुल्यता तत्त्वानुसार त्याला या दोहोंतला फरक कळणेही शक्य नाही.

यावर उपाय म्हणजे एकाच लेसरखाली, एकाच आरशासमोर, वेगवेगळ्या उंचींवर अणूंचे दोन पुंजके ठेवायचे. दोन्ही उत्तरांची वजाबाकी केली की आरशाचा हादरा निघून जातो आणि गुरुत्वाची प्रवणता उरते. बर्मिंगहॅमच्या गटाने २०२२ मध्ये असेच उपकरण उघड्यावर नेऊन रस्त्याखालचा दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच बोगदा शोधून दाखवला.

ते वाचल्यावर माझ्या मनात आपला कात्रजचा नळ आला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला हा भुयारी नळ आज बराचसा इमारती आणि रस्ते यांच्या खाली गेला आहे. जागोजागचे उच्छ्वास, म्हणजे नळावर हवेसाठी ठेवलेली तोंडे, सापडतात, पण मधली वाट अंदाजानेच आखावी लागते. ढोबळ हिशेब केला: पोकळीचा छेद दोन चौरस मीटर, मध्य तीन मीटर खोल, खडकाची घनता घनमीटरला २७०० किलो. पोकळी कोरडी असेल, तर बरोबर वर उभे राहिल्यावर गुरुत्व सुमारे २४ मायक्रोगॅलने, म्हणजे चार कोटींत एक भाग इतके कमी भरेल. आजूबाजूच्या इमारतींचे वस्तुमान हिशेबात घ्यावे लागेल, आणि खडकाऐवजी मुरूम व भराव असेल तर फरक आणखी कमी होईल. तरीही हा आकडा अणूंच्या आवाक्यातला आहे.

नळस्टॉप

ज्या शहरात जलवाहिनी कुठे आहे हे खोदकामात ती फुटल्यावर कळते, तेथे हे यंत्र आणून पोटापाण्याची एक मोठी परंपरा बंद पाडू नये, अशी नम्र विनंती.

शीतमेघ

भूकंपनोंद यांनी आरशाविषयी लिहिले ते शब्दशः खरे आहे. आमच्या इमारतीबाहेरून पाण्याचा टँकर गेला की पडद्यावरचे पट्टे विस्कटतात, म्हणून चांगल्या नोंदी मध्यरात्रीनंतरच्याच असतात.

हिंगोलीकर

मी मूळचा औंढ्याजवळचा, सध्या वाकडला असतो. आमच्याकडे लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेचे काम होणार असल्याने गावी गेल्यावर लोक मलाच प्रश्न विचारतात. अणूंची ही यंत्रे गुरुत्वलहरीही पकडणार असे वाचले. मग चार किलोमीटरच्या दोन भुजा बांधायची गरज उरते का?

मृगनक्षत्र

हिंगोलीकर, गरज उरतेच, कारण दोघांचे क्षेत्र वेगळे आहे. लायगोसारख्या यंत्रांना साधारण दहा हर्ट्झच्या वरच्या लहरी चांगल्या जाणवतात. त्याखाली जमिनीचे हादरे आड येतात. अणूंच्या यंत्रांचा डोळा साधारण त्या दहा हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यावर आहे. फर्मीलॅबमध्ये एका जुन्या उभ्या विवरात शंभर मीटर उंचीचे मॅजिस-१०० नावाचे उपकरण उभारले जात आहे. त्यात स्ट्रॉन्शियमचे पुंजके एकाच लेसरखाली पडतील, म्हणजे भूकंपनोंद यांनी सांगितलेली वजाबाकीच, फक्त फार मोठ्या अंतरावर. तो मुख्यतः पुढच्या यंत्रांसाठीचा नमुना आहे.

कालमापक

सर्वांचे आभार. चर्चा अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली आहे, म्हणून प्रश्न आता नेमका करतो. सिंहगडी यांनी केलेली विभागणी मला पटली. शीतमेघ यांच्या पहिल्या प्रतिसादातले उपकरण लोलकाच्या पंगतीतले आहे, हेही समजले. मग असा एखादा प्रयोग झाला आहे का, ज्यात लेसरच्या मोजपट्टीने उत्तर पुरे होत नाही आणि विभवाचा हात स्पष्ट दिसतो? तसा तो नसेल, तर बातमीतले वाक्य मी कायमचे खोडून टाकतो.

शीतमेघ

एक प्रयोग आहे, आणि या क्षेत्रातला अलीकडचा सर्वांत देखणा प्रयोग मी त्यालाच म्हणेन.

गुरुत्व दोन्ही वाटांवर सारखे असते तोवर लेसरची मोजपट्टी सगळे सांगते. दोन वाटांची सरासरी काढली की एकच पडणारी वस्तू उरते, आणि म्हणूनच सूत्रातून वस्तुमान आणि प्लँक दोघेही गळतात. पण वाटा इतक्या दूर नेल्या, की त्यांच्यामधल्या अंतरातच गुरुत्व बदलते आहे, तर सरासरीने भागत नाही. स्टॅनफर्डच्या दहा मीटर उंचीच्या मनोऱ्यात अणूंचे कारंजे वर फेकतात. तेथे २०१५ मध्ये एकाच अणूच्या दोन वाटा ५४ सेंटिमीटरपर्यंत दूर नेण्यात आल्या. त्याच मनोऱ्यात २०२२ मध्ये ओव्हरस्ट्रीट, असेनबाउम, कॅसेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या टोकाजवळ सव्वा किलो वजनाचे टंगस्टनचे कडे बसवले. दोन वाटांमध्ये २५ सेंटिमीटर अंतर असताना वरची वाट कड्याच्या अगदी जवळ जाई आणि खालची दूर राही. कड्यामुळे जे जास्तीचे कलांतर आले, ते अणूंच्या वाटा किती वळल्या याच्या हिशेबात पूर्ण बसेना. उरलेला भाग बसला तो दोन वाटांवरच्या विभवातल्या फरकाने. त्या भागाच्या सूत्रात अणूचे वस्तुमान आहे आणि प्लँकचा स्थिरांकही आहे.

अहारानोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये विद्युतचुंबकीय विभवांविषयी जे सांगितले होते (वाटेवर बल नसले तरी विभवामुळे कलांतर येते), त्याचे हे गुरुत्वातले रूप. कड्याचे आकर्षण वाटांवर शून्य नव्हते, त्यामुळे पाठ्यपुस्तकातला निखळ परिणाम म्हणून त्याकडे पाहू नये, हे खरे. पण 'पडणारी वस्तू आणि मोजपट्टी' हे चित्र येथे अपुरे पडते, हेही तितकेच खरे.

शंकेखोर

प्रयोग उत्तम आहे आणि विभवाचा हात त्यात दिसतो, इतके मान्य. तरी माझा अर्धा आक्षेप शिल्लक राहतो. विभवाचा फरक दिसला म्हणजे काळाचा फरक मोजला, असे म्हणायला मधे एक घड्याळ लागते. वस्तुमानातून काढलेली ती पंचवीस शून्यांची वारंवारता हे घड्याळ नव्हे. तिचे ठोके कुणी मोजत नाही, आणि एका अवस्थेत स्थिर बसलेल्या अणूत काहीही टिकटिकत नाही. अणूच्या आत खरेखुरे घड्याळ चालू असताना त्याच्या दोन वाटा करून दाखवाव्यात, म्हणजे मी गप्प बसेन.

मृगनक्षत्र

शंकेखोर यांना हवा असलेला प्रयोग कागदावर तयार आहे. झिख, कोस्टा, पिकोव्हस्की आणि ब्रुकनर यांनी २०११ मध्येच तो सुचवला. अणूला दोन ऊर्जापातळ्यांच्या अध्यारोपणात ठेवले की त्याच्या आत घड्याळ चालू होते. मग त्याच अणूला वरच्या आणि खालच्या अशा दोन वाटांनी न्यायचे. दोन्हीकडे काळ वेगळा गेला, तर ते घड्याळ दोन वाटांवर वेगळी वेळ दाखवेल. मग अणू कोणत्या वाटेने गेला याची खूण त्याच्या आतच तयार होईल, आणि खूण आली की व्यतिकरणाचे पट्टे फिके पडतील. न्यूटनच्या गुरुत्वात पट्टे सरकतील, पण या कारणाने ते फिके होणार नाहीत.

शंकेखोर

पट्टे फिके व्हायला शंभर कारणे असतात. शीतमेघ यांच्या इमारतीबाहेरचा टँकरही ते काम चोख करतो. मग काळाने फिके केले आणि हादऱ्याने फिके केले, यांतला फरक कसा ओळखणार?

शीतमेघ

रास्त प्रश्न आहे. फरक असा, की हादऱ्याने गेलेले पट्टे परत येत नाहीत आणि काळाने गेलेले परत येतात. घड्याळाचा काटा फिरत राहतो, म्हणून दोन वाटांवरची घड्याळे अर्ध्या फेरीने वेगळी झाली की पट्टे नाहीसे होतात, आणि पूर्ण एका फेरीने वेगळी झाली की ती पुन्हा जुळतात व पट्टे उजळतात.

आकडे टाकून पाहू. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळाची वारंवारता सुमारे ४२९ टेराहर्ट्झ आहे. दोन वाटा एका मीटरच्या अंतरावर स्थिर धरल्या, तर सेकंदाला सुमारे ०.२९ रेडियन इतका फरक साठत जातो. म्हणजे साधारण अकराव्या सेकंदाला पट्टे नाहीसे व्हायला हवेत आणि एकविसाव्या सेकंदाच्या सुमारास परतायला हवेत. अंतर अर्धे केले की दोन्ही वेळा दुप्पट होतील. इतका नेमका अंदाज आधीच हातात असेल, तर टँकरवर संशय घ्यायला फारशी जागा उरत नाही.

आज हे अडते कुठे, तेही सांगते. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त अंतर साधले आहे, पण मुक्तपतनात, आणि तेथे एकूण वेळ दोन सेकंदांच्या आसपास मिळतो. दुसरीकडे बर्कलीच्या गटाने लेसरच्या जाळीत अणूंना अधांतरी धरून ठेवण्याची रीत बसवली आहे. त्यांनी २०१९ मध्ये २० सेकंद गाठले आणि नंतर ७० सेकंदांपर्यंत मजल मारली, पण तेथे दोन वाटांमधले अंतर मायक्रोमीटरांत असते. अंतर एकाकडे आहे आणि वेळ दुसऱ्याकडे आहे. दोन्ही एका यंत्रात आणणे अजून साधलेले नाही. मुक्तपतनात ही अडचण वेगळ्या मार्गाने टाळण्याची एक युक्ती रौरा यांनी २०२० मध्ये मांडली आहे. तीत अणू दुभंगल्यावर, वाटेत असताना, घड्याळ सुरू करायचे आणि सुरू करण्याचा क्षण बदलून मिळालेल्या उत्तरांची तुलना करायची.

त्यामुळे कालमापक, आपण ते वाक्य खोडू नये, फक्त त्याचे काळरूप बदलावे. एकाच अणूला दोन उंचींवर नेऊन विभवाचा परिणाम पाहिला गेला आहे. त्याच्या आतले घड्याळ दोन उंचींवर चालवून पाहणे बाकी आहे.

सिंहगडी

पट्टे जाऊन परत येण्याचा भाग फार आवडला. बातम्यांत तो कधी येत नाही.

कालमापक

आता चित्र स्पष्ट झाले. शेवटची एक तांत्रिक शंका: पुण्यात आणि इतरत्रही बहुतेक प्रयोगशाळांकडे रुबिडियमची यंत्रणा तयार असते, आणि रुबिडियमलाही घड्याळ आहेच. मग याच कामासाठी सगळे स्ट्रॉन्शियमच्या मागे का लागले आहेत? जी यंत्रणा हाताशी आहे, तिच्यावरच हा प्रयोग का करू नये?

शीतमेघ

रुबिडियमच्या घड्याळाचे ठोके फार संथ आहेत. त्याची वारंवारता ६.८३ गिगाहर्ट्झ, म्हणजे स्ट्रॉन्शियमच्या सुमारे त्रेसष्ट हजारांश. वाटा एका मीटरवर धरल्या, तर पट्टे नाहीसे व्हायला अकरा सेकंदांऐवजी जवळजवळ पावणेआठ दिवस लागतील. तेवढा वेळ एकाच अणूला अध्यारोपण न मोडता अधांतरी धरून ठेवणे आज कुणालाही शक्य नाही. याउलट नुसते गुरुत्व मोजायचे असेल, तर रुबिडियम उत्तम आहे आणि त्याचे लेसरही स्वस्त पडतात. कात्रजच्या नळासाठी भूकंपनोंद यांनी तेच वापरावे.

भूकंपनोंद

कोरड्या उच्छ्वासांची यादी कुणाकडे असल्यास व्यक्तिगत संदेशात पाठवावी. सुरुवात साध्या स्प्रिंगच्या गुरुत्वमापकाने करता येईल, त्यालाही २४ मायक्रोगॅल दिसतात.